माझ्या घरातला कपडेपट

भाचीला नोकरी लागली तेव्हा आमच्याकडे पेढे आले आणि पेढ्यांच्या मागोमाग एक अट आली. शिरोलीकडच्या एका कारखान्यात तिला तपासणी विभागात घेतलं होतं. मशीनवरून उतरलेला लोखंडी भाग मापात आहे की नाही ते बघायचं आणि नसेल तर बाजूला काढायचा, असं काम. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेल्या पोरीला आणखी काय हवं? सगळे खूश होते. मग तिनं पिशवीतून युनिफॉर्म काढला. गडद निळी पँट, निळाच शर्ट आणि पुढच्या बाजूला आतून लोखंड बसवलेले काळे बूट. माझ्या धाकट्या भावानं, म्हणजे तिच्या बापानं, त्यातला एक बूट उचलला, हातावर तोलला आणि परत खाली ठेवला. म्हणाला, नोकरी कर, माझी ना नाही, पण हे घालून गल्लीतनं जायचं नाही. ज्या दिवशी गल्लीतलं कोणी मला विचारेल, त्या दिवशी नोकरी बंद.

आता आमची गल्ली म्हणजे काय मोठा राजरस्ता नाही. या टोकाला शिंक आली तर त्या टोकाचा माणूस औषध सांगतो. भावाचं घर आत, अगदी शेवटाला. माझं घर गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून. कारखान्याची बस थांबते ती जागा माझ्या दारातून दिसते. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, शाळेत मराठी शिकवते आणि दर वर्षी स्नेहसंमेलनाची नाटकं बसवते. त्यामुळे असली अट ऐकल्यावर माझ्या डोक्यात काय आलं असेल ते सांगायला नको. पोरीनं घरातून पंजाबी ड्रेस घालून निघायचं, माझ्याकडे यायचं, कपडे बदलायचे आणि बस पकडायची. संध्याकाळी सगळं उलट. मला कोणी विचारलं नव्हतं. मीच उभी राहून जाहीर केलं. भावानं मान हलवली. वहिनीनं देवाला नमस्कार केला. भाचीनं मात्र माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मागच्या खोलीत मी कपडेपट मांडला. भिंतीला दोन खिळे ठोकले, एक ड्रेसला, एक युनिफॉर्मला. पाटाएवढा आरसा होता तो तिथं नेला. युनिफॉर्म धुवायचा माझ्याकडे, वाळायचा माझ्या न्हाणीत. पहाटे पावणेसहाला ती हिरव्या ड्रेसमध्ये, ओढणी नीट दोन्ही खांद्यांवर घेऊन आत यायची आणि सहाला निळी होऊन बाहेर पडायची. मी दाराच्या फटीतून रस्ता बघायची. कोणी येत असेल तर दोनदा खोकायची, रस्ता मोकळा असेल तर एकदा. पहिल्या आठवड्यात मी इतकी खोकले की समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्या बाईनं आल्याचा तुकडा आणून दिला.

युनिफॉर्म पुरुषी मापाचा होता. खांदे कोपरावर, पँटला पट्टा बांधून चुण्या. सुपरवायझरनं सांगितलं, शिंप्याकडून बेतात करून घ्या, मशीनजवळ लोंबतं कापड चालत नाही. मी म्हटलं, माझ्यावर सोड.

आमचा लेडीज टेलर शेजारच्या बोळात. आमच्या घरातल्या बायकांचे कपडे वर्षानुवर्षं तोच शिवतो. त्याच्याकडे जायची रीत ठरलेली. कोणी अंगाला टेप लावून घेत नाही. मापाचा ड्रेस न्यायचा, म्हणजे आधीचा, बरा बसणारा. तो काउंटरवर ठेवायचा, शिंपी त्याच्यावरून नवा बेततो आणि शिवणीत थोडं जास्तीचं कापड सोडतो, अंग भरलं तर उसवायला. भाचीचा मापाचा ड्रेस बारावीतला होता. त्याच्यावरून कॉलेजचे शिवले, त्याच्यावरून डिप्लोमाचे. ती पोरगी मधल्या काळात उंच झाली, खांद्यानं रुंद झाली, पण पिशवीतून जायचा तो बारावीचाच ड्रेस.

तर मी एका पिशवीत युनिफॉर्म आणि दुसऱ्या पिशवीत तो ड्रेस घेऊन गेले. शिंप्यानं निळी पँट उलटीसुलटी केली आणि हे कोणाचं म्हणून विचारलं. इथं मी शांतपणे काहीतरी साधं बोलले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण माझ्या तोंडातून साधं काही निघत नाही. मी त्याला सांगितलं की हे नाटकातलं आहे. नायिका कारखान्यात जाते असा प्रवेश आहे. आणि शिंपी खुलला. त्यानं मला दोन-तीन प्रश्न विचारले, नायिका गरीब की श्रीमंत, शेवटी लग्न होतं का, आणि मी उभ्या उभ्या त्याला अख्खी गोष्ट रचून सांगितली. शेवट गोड केला. तो म्हणाला, बाई, काळजी सोडा, टाळ्या पडतील असं करून देतो.

दिलं त्यानं तसंच. शर्टाला पुढून-मागून टक्स घातले. दोन्ही बाजूंना पंजाबी ड्रेससारखे कट ठेवले, चालताना उडतील असे. पँटीचा घेर बारावीच्या सलवारीवरून बेतला. खिसे काढून टाकले. एकूण एक. वर छातीवरचा, खालचे दोन. विचारलं तर म्हणाला, नायिकेला खिसे कशाला, शेप बिघडतो. आणि उरलेल्या कापडाची त्यानं हौसेनं एक निळी ओढणी केली होती, कडेला बारीक दुमड घालून. खास माझ्यासाठी, पदरचा वेळ घालून.

मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हे मी आज कबूल करते. मला तो शर्ट आवडला.

सोमवारी भाची सहाला गेली आणि नऊला परत आली, रिक्षातून. कारखान्याच्या दारातच तिला अडवलं होतं. त्या कटांचं कापड मशीनमध्ये जायला एक क्षण पुरतो, असं सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला. शिवाय तपासणीची हत्यारं ठेवायला खिसा नाही. नोकरीचा दुसरा आठवडा, आणि घरी पाठवलं. पुन्हा असं झालं तर येऊ नका, असंही सांगितलं होतं. मी तिला पाणी दिलं, आणि शिंप्याला शिव्या द्यायला सुरुवात केली. तिनं पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"आत्ती," ती म्हणाली, "मी दिवसभर मायक्रोमीटरनं लोखंडाची मापं घेते. केसाएवढा फरक असला तरी माल बाजूला काढते. आणि माझं माप आजवर कुणी घेतलंच न्हाई."

मग ती उठली आणि तशीच, निळ्या कपड्यात, मागच्या बोळानं शिंप्याकडे गेली. मी तिच्या मागे. दोनदा खोकले. तिनं वळून बघितलं नाही.

दुकानात तिनं शिंप्याला सांगितलं की नाटकबिटक काही नाही, मी कारखान्यात कामाला आहे, आणि हे कपडे घालून मला लोखंडाजवळ उभं राहायचं असतं. माझं माप घ्या. शिंप्याची पंचाईत झाली. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. मापाचा ड्रेस दिलाय की बाईंनी, असं तो पुटपुटला. ती म्हणाली तो ड्रेस बारावीच्या पोरीचा आहे. शेवटी त्यानं आतून बायकोला हाक मारली. ती बिचारी पोळ्या टाकून पिठाच्या हातानं आली, टेप धरला आणि आकडे सांगायला लागली. खांदा, बाही, कंबर, उंची. शिंप्यानं वही उघडली. आमच्या घरातल्या सगळ्या बायकांची, ड्रेसवरून काढलेली मापं एका पानावर, माझ्या भावाच्या नावाखाली लिहिलेली होती. त्या पानावर जागा होती. तरी तिनं सांगितलं, माझं वेगळ्या पानावर लिहा. आणि खिसे किती, कुठं, केवढे, ते तिनं स्वतःच्या हातानं त्या पानावर काढून दाखवले.

दोन दिवसांत नवा जोड तयार झाला. तो घालून ती आरशासमोर उभी राहिली, हात वर केले, खाली वाकली, उकिडवी बसली. कुठं काही ताणलं नाही, कुठं काही लोंबलं नाही. मी टाळ्या वाजवल्या. ती हसली, पण आरशातल्या स्वतःकडे बघून. माझ्याकडे बघून नव्हे.

त्यानंतर कपडेपटाची गंमत उतरत गेली, आणि ती उतरतेय हे मला मान्य करायचं नव्हतं. पहाटे पाचला उठून मी दिवसभर शाळेत जांभया द्यायला लागले. सातवीच्या वर्गात फळ्यावर कविता लिहिता लिहिता एकदा मी खोकून इशारा दिला, सवयीनं. न्हाणीत ग्रीसचा वास बसला. कारखान्यातली पाळी बदलली की वेळ बदलायची, मग दुपारी शाळा सुटल्या सुटल्या धावत यायचं. आणि गल्लीला सांगितलेल्या थापा. एकीला मी सांगितलं होतं की भाची ऑफिसात कंप्युटरवर बसते. दुसरीला सांगितलं होतं की क्लासला जाते. तिसरीला सांगितलेलं मला आठवेना, म्हणून तिला टाळायला मी भाजी लांबच्या मंडईतून आणायला लागले.

दिवाळीत भाची म्हणाली की आता पुरे, मी सरळ घरूनच युनिफॉर्म घालून जाते. मी म्हटलं, थांब, सण आहे, बापाचा मूड घालवू नकोस. संक्रांतीला म्हणाली. मी म्हटलं, थांब, त्याचं ब्लडप्रेशर वाढलंय. मग ती म्हणाली जोतिबाची चैत्रातली यात्रा झाली की. मी म्हटलं बघू. नोकरी जाईल ही भीती मला खरीच होती. माझा भाऊ शब्दाचा पक्का आहे, म्हणजे हट्टी आहे. एका पुरवठादाराचा अख्खा माल परत पाठवण्यापर्यंत तिचा अधिकार वाढला होता. तिच्या पाळीतली पोरं तिला मॅडम म्हणत होती. हे सगळं गल्लीतल्या एका प्रश्नापायी संपावं, हे मला नको होतं. पण एवढंच होतं असं मी म्हणणार नाही. पडदा पडला की मी करायचं काय, हाही प्रश्न होताच.

तिनं चौथ्यांदा विचारलंच नाही.

यात्रेनंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी शाळेत मीटिंग लांबली. घरी आले तर दार उघडून कोणी आत आल्याची खूण नाही. किल्ली तिच्याकडे असायची. मागच्या खोलीत गेले. हिरवा ड्रेस खिळ्यावर, सकाळी लटकवला तसाच. ओढणी त्याच्यावर, तशीच घडी घातलेली. बस येऊन तासभर होऊन गेला होता.

मी चपला उलट्यासुलट्या अडकवून गल्लीत धावले. धावता धावता तीन थापा तयार केल्या, एक अपघाताची, एक बक्षीस समारंभाची आणि एक अशी की ती ऐनवेळी वापरायची. गिरणीपाशी त्या बाईनं मला अडवलं आणि सांगितलं, तुमची पोरगी मघाशीच गेली घराकडं, बूट वाजवत. मी लगेच समारंभ सुरू केला. कारखान्यात, म्हणजे ऑफिसात, आज एक कार्यक्रम होता, त्यासाठी खास पोशाख.

तिनं कमरेवर पिठाचे हात ठेवले.

"बाई, ऱ्हाऊ द्या की आता," ती म्हणाली. "नऊ म्हैनं बघतोय आम्ही. सकाळी हिरवी आत जाती, निळी भाईर येती. आधी मला वाटलं तुमच्यात कसलं व्रत हाय का काय. मग शिंप्याच्या बायकोनं सांगितलं."

म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मग मला कोणी बोललं का नाही, असं मी विचारलं. त्यावर तिचं उत्तर असं की तुम्ही एवढं जीव तोडून खोकत होता, म्हटलं कशाला बाईंचा विरस करा. आणि तिनं पुन्हा गिरणीचा पट्टा चालू केला. माझा अपमान पिठात मिसळून गेला.

भावाच्या उंबऱ्याबाहेर ते काळे बूट होते. भावाच्या चपलांच्या शेजारी, टाच भिंतीला लावून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. मी पोचायच्या आत वहिनी बाहेर आली, बूट उचलून आत घेऊन गेली. मी उंबरा ओलांडतेय तोवर भाची बूट घेऊन बाहेर आली आणि परत तिथंच ठेवले. हे माझ्यादेखत दोनदा झालं.

भाऊ टीव्हीसमोर बसला होता. आवाज बंद. भाची त्याच्यासमोरच्या खुर्चीत, निळ्या कपड्यात, हातपाय धुऊन. मी आत शिरले तसं त्यानं आधी मलाच धरलं.

"आक्का, तूच डोक्यावर चढवून ठेवलीस हिला. मला चार माणसांत तोंड दाखवायचं असतंय."

मी श्वास भरून घेतला. माझ्याकडे भाषण होतं. गेले नऊ महिने पहाटे पाचला उठून मी ते मनात घोकत होते. त्यात आमच्या आईचा उल्लेख होता, मध्यावर एक विराम होता, आणि शेवटी मी रडणार होते. मी हात वर केला.

"आत्ती, तू बोलू नगो," भाची म्हणाली. "तू बोललीस की त्याचं परत नाटक हुतंय."

माझा हात तसाच वर राहिला. मग मी तो केसांवरून फिरवला, जणू त्यासाठीच वर केला होता.

ती बापाकडे वळली. आवाज चढवला नाही. "बाबा, तितं मी माल नापास केला की नापास. साहेब पण वर बोलत न्हाईत. आणि बसमधनं उतरलं की मी आत्तीच्या न्हाणीत लपते, चोरी केल्यागत. मला आता लपायचं न्हाई."

"मग सोड नोकरी," भाऊ म्हणाला. "बोललोय मी तसं. गल्लीतलं कोण विचारलं तर बंद."

"कुणी विचारलं?"

मी विचार केला. खरंच, कोणी काही विचारलेलं नव्हतं. नऊ महिने सगळं दिसत असून एकानंही त्याला विचारलं नव्हतं. त्याला हेही कळेना की यावर समाधान मानायचं की आणखी चिडायचं. त्यानं रिमोट उचलला, आवाज मोठा केला. कुठल्याशा सरबताची जाहिरात लागली होती, ती आम्ही चौघांनी शेवटपर्यंत बघितली.

"नोकरी मी सोडत न्हाई," जाहिरात संपल्यावर ती म्हणाली. "उद्या पहिली पाळी हाय. आई, वाढ जेवायला."

वहिनीनं ताट वाढलं. तिला वाढलं, मला वाढलं. नवऱ्याला विचारलं, तो नको म्हणाला. मग थोड्या वेळानं स्वतःच पाटावर येऊन बसला, आमच्याकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशी मी पाचला उठले. कोणी सांगितलं नव्हतं. चहा केला, दोन कप. पावणेसहा झाले, कोणी आलं नाही. सहाला पाच कमी असताना गल्लीतून बुटांचा आवाज आला. ती मधोमध चालत आली, छातीवरच्या खिशात पेन, हातात डबा. गिरणीवाली शटर वर करत होती, तिनं मान हलवली. भाचीनंही हलवली. माझ्या दारावरून जाताना ती म्हणाली, आत्ती, झोप की अजून जरा. आणि रस्ता ओलांडून बसमध्ये चढली. मी दोन्ही कप प्यायले.

भाऊ पुढे पंधरा दिवस तिच्याशी बोलला नाही. माझ्याशीही नाही, पण ते मला नेहमीचं आहे. रोज संध्याकाळी मी काहीतरी निमित्त काढून तिकडे जायची, मोठा स्फोट होईल तेव्हा आपण हजर असावं म्हणून. तो पेपर वाचायचा. वहिनी डाळ घोटायची. भाची जेवून झोपायची. इतकं कंटाळवाणं बंड मी आयुष्यात बघितलेलं नाही.

युनिफॉर्म आता तिकडेच धुतला जातो. वहिनीनं तो दारातल्या तारेवर, भावाच्या शर्टांच्या ओळीत वाळत घालायला सुरुवात केली. तार खाली आलेली आहे, आणि पँट लांब. सकाळी स्कूटर काढताना तिचे ओले पाय भावाच्या कपाळाला लागतात. तो एका बोटानं ते बाजूला सारतो आणि जातो. मी म्हटलं, आता कधीतरी एक दिवस तो ती पँट ओढून फेकून देणार. मी वाट बघत होते, खोटं कशाला बोलू.

मागच्या रविवारी मी गेले तर वहिनी मेथी निवडत बसली होती. म्हणाली, वन्सं, काल हे बोलले. मी खुर्ची पुढे ओढली. काय बोलले, कसे बोलले, उभे होते की बसले होते, ती होती का समोर, सगळं एकदम विचारलं. वहिनीनं एक काडी मोडून बाजूला टाकली आणि सांगितलं की स्कूटर काढताना परत पँट लागली, तर मागं वळून म्हणाले, "ती तार जरा वर बांध की."

एवढंच. आणि मी तिथं नव्हते.